केप्लरच्या आईची अर्धी गोष्ट

मोठी माय, लोक विचारतात, म्हातारी कशाने गेली? मी सांगतो, वय झालं होतं. डॉक्टरांनीही कागदावर साधारण तेच लिहिलंय. समोरचा मान हलवतो, "सुटली बिचारी" म्हणतो आणि विषय संपतो. तो संपला की मलाही बरं वाटतं. पण तू कशातून सुटलीस आणि त्यात तुला कुणी अडकवलं होतं, हे आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. त्यातली तू गेलीस. तुला वाचता येत नव्हतं, आयुष्यभर मीच तुला वाचून दाखवत आलो. हेही मोठ्याने वाचत लिहितोय. माझी बायको सुनंदा दाराशी येऊन बघून गेली.

तू माझ्या मोठ्या काकांची बायको. मी चौथीत असताना आई गेली, वडील आधीच गेले होते, आणि काका तर मला आठवतही नाहीत. शिंदखेड्याजवळच्या त्या गावात तू, मी आणि कोरडवाहू पाच एकर. तुझी जीभ तिखट होती. सरपंच दारावरून गेला तरी तू बाजेवरून उठत नसायचीस. आणि झाडपाला तुला असा ठाऊक होता, जशी दुसऱ्यांना माणसं ठाऊक असतात. तापाला गुळवेल, खोकल्याला अडुळसा, गुडघ्याला निरगुडीचा शेक. अर्धं गाव तुझ्या ओट्यावर येऊन बसायचं. ज्यांचं दुखणं थांबायचं ते पुन्हा तुझ्याच अंगणातून गुरं हाकत न्यायचे आणि तू त्यांना शिव्या घालायचीस.

मी शिकलो, जळगावला कॉलेजात इतिहासाचा प्राध्यापक झालो. पीएचडीला विषय घेतला तो तुला सांगताना मला जरा लाजच वाटली होती. चारशे वर्षांपूर्वीचा युरोप. एकीकडे दुर्बीण निघाली, गॅलिलिओ चंद्रावरचे डोंगर बघतोय, आणि दुसरीकडे त्याच काळात, त्याच देशांत, बायकांना चेटकीण म्हणून जाळतायत. तू भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होतीस. म्हणालीस, "तठे बी डाकीण म्हनतस का?" आणि मग मी तुला केप्लरची गोष्ट सांगितली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत तू ती माझ्याकडून किती वेळा ऐकलीस! केप्लर म्हणजे ग्रह सूर्याभोवती कसे फिरतात त्याचे नियम शोधणारा माणूस, सम्राटाचा राजगणिती. त्याची आई कॅथरीना लांबच्या एका छोट्या गावात राहायची. विधवा, अक्षरशत्रू, तोंडाची फटकळ, झाडपाल्याची औषधं देणारी. एका शेजारणीने उठवलं की हिने मला कडू काहीतरी पाजलं आणि तेव्हापासून मी आजारी आहे. मग एकेकाला आठवू लागलं. कुणाची गाय मेली होती, कुणाच्या पायात कळ आली होती. तिथला अधिकारी शेजारणीच्या बाजूचा. तिथला राजा, त्याला ड्यूक म्हणत, त्याने कागद इकडून तिकडे पाठवण्यापलीकडे फार काही केलं नाही. म्हातारीला साखळदंड घालून वर्षाहून जास्त कोठडीत ठेवलं.

"राजाना माणूस तो," तू म्हणालीस, "नी त्यानी माय सांखळीमा?"

"हो ना."

"मंग? तिना आंडोर ऊना का नही?"

मुलगा आला का नाही, एवढंच तुला हवं होतं. आला, मी सांगितलं. बायकामुलांची सोय लावून, हातातलं काम सोडून, लांबचा प्रवास करून आला. एकेका साक्षीदाराचं म्हणणं खोडून काढणारा मोठा जबाब त्याने लिहिला. शेवटी म्हातारीला छळाची अवजारं दाखवली, कबूल कर म्हणून धमकावलं. सत्तरी ओलांडलेली ती बाई म्हणाली, कबूल करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आणि सुटली.

तू शेंग तशीच हातात धरून बसलीस. "बाई भारी व्हती," म्हणालीस.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते कधी मिटलं नाही. मी म्हणायचो, केप्लरने तिला तर्काने सोडवलं. आकाशातला हिशोब मांडणाऱ्या बुद्धीने साक्षींमधली विसंगती पकडली, तेच खरं महत्त्वाचं. तू मान हलवायचीस. "बुद्धी ऱ्हास बठ्ठासले. तो गया, ते मोठं." बुद्धी सगळ्यांनाच असते. तो गेला, ते मोठं. मी हसायचो. पुढे माझा शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यात केप्लरच्या युक्तिवादाची बावीस पानं होती आणि त्याच्या प्रवासाची एक ओळ.

आता मुख्य गोष्ट सांगतो.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, तू फोन केलास. किराणा दुकानात जाऊन नंबर लावून घेतला होतास. नेहमी तू फोनवर ओरडून बोलायचीस. त्या दिवशी हळू बोललीस.

"बापू, माले डाकीण म्हनतस."

शेजारच्या कमलकाकूच्या सुनेला, रेखाला, ताप होता. तू गुळवेलीचा काढा दिलास. तिसऱ्या दिवशी तिचा गर्भ पडला. कमलकाकू कुठल्याशा भगताकडे जाऊन आली, आणि त्याने सांगितलं की जवळच्याच बाईने केलंय. मग एकेकाला आठवू लागलं. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचं पोर दचकून उठायचं. मोठी माय, ती यादी मी आधी वाचलेली होती. दुसऱ्या भाषेत, दुसऱ्या नावांनी, पण तीच.

तू म्हणालीस, "शनिवारे पारवर बठ्ठा बसतीन. तू ये. तू त्यासले सांग."

मी म्हणालो, कॉलेजात तपासणी समिती येणार आहे, या आठवड्यात निघणं शक्य नाही, तू लक्ष देऊ नकोस, चार दिवसांत विसरतील. हे सगळं मी पुस्तकी मराठीत बोललो. तुझ्याशी मी तसं कधी बोलत नसे. तुलाही ते कळलं असणार, कारण तू एवढंच म्हणालीस, "बरं."

समिती खरंच होती. खोटं बोललो नव्हतो. पण प्राचार्यांना सांगितलं असतं तर एका शनिवारसाठी त्यांनी सोडलं असतं. मी विचारलंच नाही. विचारलं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि चेटकिणींच्या खटल्यांवर पीएचडी केलेल्या माणसाच्या घरच्या बाईला लोक डाकीण म्हणतात, हे स्टाफरूममध्ये सांगायची मला लाज वाटली. आरोप करणाऱ्यांची नाही, मोठी माय. तुझी लाज वाटली.

मी आलो ते बाराव्या दिवशी. तोवर पिठाच्या गिरणीवाल्याने तुझं दळण परत पाठवलं होतं. हापशावर तू गेलीस की बायका हंडे उचलून बाजूला होत. कुणीतरी रात्री कौलांवर दगड टाकले होते, ते तू गोळा करून ओट्यावर ओळीने मांडून ठेवले होतेस, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावेत म्हणून. घरात जाऊन बघतो तर तू ज्वारी भिजवून उकडून खात होतीस.

महाराष्ट्रात यासाठी कायदा आहे. मी तो वर्गात शिकवतो. शिंदखेड्याचं पोलीस ठाणं जवळच होतं. तूही म्हणालीस, चाल, सांगू. मी म्हणालो, पोलिसात गेलो की गावाशी कायमचं वैर होईल, शेत इथेच आहे, पुढे कुणी कसणार नाही. मी म्हणालो, कमलकाकूचं दुःखही समज. मी बरंच काही म्हणालो. माझी बुद्धी त्या दिवशी छान चालत होती. सगळं बोलून झाल्यावर मी सांगितलं, "चार दिवस जळगावला चल."

"मी कसाले पळू? मी काय करं?"

"पळायचं नाही, माय. थोडं शांत होऊ दे."

"मी गयी ना, त्या म्हनतीन खरं व्हतं."

मी गेले तर ते म्हणतील, खरंच होतं. पदवी नसलेल्या बाईला हे कळत होतं, आणि मी तिची पिशवी भरत होतो. तू दाराला कुलूप लावलंस. मग कमलकाकूच्या दारासमोर जाऊन उभी राहिलीस आणि आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मी परत येसू!" आत कुणी हललं नाही. एका खिडकीची फळी तेवढी जरा उघडली.

सोनगीरजवळ आपण हायवेला लागलो. तू खिडकीतून किल्ल्याकडे बघत होतीस. मग विचारलंस, "बापू, ती केप्लरनी माय बी आशीच पोऱ्याकडे गयथी का?"

मी म्हणालो, "नाही."

तिथे तुझ्याशी खोटं बोललो, मोठी माय. ती गेली होती. खटला तापत होता तेव्हा घरच्यांनी तिला तिच्या भल्यासाठी म्हणून गाव सोडायला लावलं आणि दूर केप्लरकडे पाठवलं. अधिकाऱ्याने लगेच तेच धरलं. निर्दोष असती तर पळाली कशाला? तिचं जाणं हाच तिच्याविरुद्धचा मोठा पुरावा झाला. हे मला तोंडपाठ होतं. माझ्या प्रबंधात त्यावर आख्खं प्रकरण आहे. तुला ते कधी सांगितलं नव्हतं, कारण गोष्ट सांगताना मी नेहमी सुटकेवर थांबायचो. सुटल्यावर ती आपल्या गावात पुन्हा राहू शकली नाही आणि काही महिन्यांतच मेली, हेही मी कधी सांगितलं नाही. गोष्ट तिथे गोड होत नाही. आणि त्या दिवशी खरं सांगितलं असतं तर तू मला सोनगीरच्या फाट्यावर गाडी थांबवायला लावली असतीस, उतरली असतीस, आणि मिळेल त्या एसटीने परत गेली असतीस. म्हणून मी नाही म्हणालो. तू माझ्यावर विश्वास ठेवलास आणि डोळे मिटलेस.

जळगावात, मेहरूणच्या आमच्या घरात तू जवळपास दीड वर्ष राहिलीस. सुनंदाने तुझं सगळं मनापासून केलं, त्यात कसूर नव्हती. संध्याकाळी ती तुला तलावाकडे फिरायला न्यायची. पहिले काही दिवस तू तिला काठावरची झुडपं ओळखून दाखवायचीस, ही अमकी, ती तमकी, हिचा पाला असा वाटायचा. सुनंदाने एका वहीत थोडं लिहूनही घेतलं.

मग ती दुपार. वरच्या मजल्यावरच्या बाई आल्या, त्यांच्या मुलीचा खोकला जात नव्हता. तू गॅलरीत अडुळसा लावला होतास. पानं तोडून तू मध आणायला सुनंदाला हाक मारलीस आणि मी वाचत होतो तिथून उठून आलो. "इथे नको, माय," मी म्हणालो. त्या बाईंसमोर म्हणालो. "इथे असलं काही द्यायचं नाही. उद्या काही झालं तर?"

काही झालं तर. हेच शब्द गावात तुझ्या मागे लागले होते, आणि मी ते घरात, त्या बाईंच्या देखत बोललो. तू पानं हातातच ठेवलीस. त्या बाई ओशाळून निघून गेल्या. तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. त्या हापशावरच्या बायकांकडे तू ज्या नजरेने बघत असशील, तसं. त्यानंतर तू तलावावर झुडपांची नावं घेतली नाहीस. सुनंदाची वही तिथेच थांबली.

घरी जायचं तू दर आठवड्याला म्हणायचीस. "आठे करमत नही. माले घर जानं शे." मी म्हणायचो, परीक्षा होऊ दे. मग पाऊस जाऊ दे. मग थंडी कमी होऊ दे. तू वाद घालणं सोडलंस तेव्हा मी सुनंदाला म्हणालो, आता रमली बघ. खरं तर मी सुटकेचा श्वास टाकला होता. भांडायची ताकद संपली की माणूस समजूतदार दिसतो, ते मी तुझ्याबाबतीत चालवून घेतलं.

माघात एका दुपारी तू जेवून आडवी झालीस ती उठली नाहीस. त्या सकाळी तू सुनंदाकडून केस विंचरून घेतले होतेस. मी कॉलेजात होतो. मी नेहमीच कॉलेजात असायचो.

उपकारही सांगायला हवेत. मी आज जो आहे तो तुझ्यामुळे, हे वाक्य मी निवृत्तीच्या समारंभासाठी राखून ठेवलं होतं, म्हणजे ते किती पोकळ होतं बघ. पण पाचवीत मला विषमज्वर झाला तेव्हा तू मला पाठीवर घेऊन शिंदखेड्याच्या दवाखान्यात चालत गेली होतीस. झाडपाल्यावर विसंबली नव्हतीस. "मन्हा हातनं हाई नही," असं डॉक्टरला सांगितलं होतंस. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे तुला नेमकं कळायचं. भगताला नाही कळलं, कमलकाकूला नाही, मला नाही.

दहावा मी गावीच करायचं ठरवलं. तापीकाठी विधी झाला, मग आम्ही गावात आलो. मला वाटलं होतं कुणी येणार नाही. तीसेक माणसं आली. गावातले वडीलधारे दगाआबा आले, तेच जे त्या शनिवारी पारावर मध्ये बसले होते. बायका भिंतीशी बसल्या, त्यांत कमलकाकू होती. मी उभा राहिलो. मी तुझं सांगितलं. केप्लरच्या आईचंही सांगितलं, या वेळी पूर्ण, तिचं मुलाकडे जाणं आणि पुढचं सगळं. शेवटी म्हणालो, माझ्या मोठ्या मायने काही केलं नव्हतं. तिला इथून मी नेलं, ती पळाली नव्हती.

दगाआबा जमिनीकडे बघत म्हणाले, "भाऊ, ती निंघी गयी, मंग आम्हले वाटनं खरंच व्हई. तू एवढा शिकेल माणूस. तूच तिले लई गया."

मी खाली बसलो.

तेवढ्यात बायकांमधून रेखा उठली. मी तिला ओळखलं नाही, लग्नात एकदाच पाहिलं होतं. कमलकाकूने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळ्यांसमोर बोलली. म्हणाली, मला चक्कर येऊन मी विहिरीच्या पायरीवर पडले होते, काढा घ्यायच्या आदल्या दिवशी. घाबरून घरी कुणाला सांगितलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या त्यानेच झालं. आणि तो काढा एकटीने नव्हता घेतला, सासूबाईंनाही कणकण होती, त्यांनीही त्याच भांड्यातून घेतला होता.

कमलकाकूने तोंडावर पदर घेतला.

"तव्हा का नही सांगं?" दगाआबांनी विचारलं.

ती त्यांच्याकडे न बघता माझ्याकडे बघून बोलली, "त्या शनिवारी मी पाराच्या मागे उभी होते, दादा. तुम्ही येणार असं मोठी माय सांगत होत्या. तुम्ही बोलायला सुरुवात केली की मी बोलणार होते. एकटीने धीर झाला नाही."

तू सांगत होतीस, मी येणार म्हणून. फोनवर मी नाही म्हटल्यानंतरही.

दुसऱ्या दिवशी मी आणि रेखा पोलीस ठाण्यात गेलो. तिने स्वतःच्या हाताने जबाब लिहून दिला. भगताचं नाव त्यात आहे. पुढे काय होईल ते बघू. ग्रामसभेत ठराव घ्यायलाही दगाआबांनीच सरपंचाला भाग पाडलं, तुझ्यावरचा आरोप खोटा होता आणि गावाला त्याचा खेद आहे असा. ठरावाच्या वेळी मी समोर बसलो होतो. ग्रामसेवकाने अर्जदार म्हणून माझं नाव लिहिलं आणि थांबला. गावातलाच मुलगा आहे तो, त्याला सगळं माहीत आहे.

"सर, मयताशी नातं?" त्याने विचारलं. "त्यांनीच वाढवलं ना तुम्हाला? मुलगा लिहू?"

मी म्हणालो, "पुतण्या लिहा."